तलवारीनं केलेलं पाप तलवारीनंच फिटतं का? ('सॉलोमन केन' आणि आमचे काका)

शिवाजीपेठकर
रविवार, रात्री ११:४०

आज दिवसभर पाऊस असा लागलाय की रंकाळ्यावर भेळवालासुद्धा नसेल. चुलते दुपारी जेवायला आले ते इथंच अडकले. आमचे काका म्हणजे चाळीस वर्षं तालमीत मर्दानी खेळ शिकवलेला माणूस. लाठी, फरी-गदका, विटा, पट्टा सगळं. "काय तरी तलवारीचं लाव," म्हणाले. मी 'सॉलोमन केन' लावला. २००९ चा पिक्चर आहे, मी आधी दोनदा बघितलेला.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (पुढं सगळं फोडलंय, नको असेल तर इथंच थांबा). सन १६००. केन हा इंग्रज लुटारू कप्तान, उत्तर आफ्रिकेत एका किल्ल्यात खजिन्यासाठी घुसतो. माणसं कापताना त्याला काही वाटत नाही. आत सैतानाचा दूत समोर उभा राहतो आणि सांगतो, तुझा आत्मा आमच्या नावावर लागलाय, न्यायला आलोय. केन खिडकीतून समुद्रात उडी टाकतो. त्यानंतर हाच माणूस इंग्लंडात मठात राहतो, अंगभर पवित्र खुणा गोंदवून घेतो, शस्त्र धरणार नाही अशी शपथ घेतो. मठवाले तिथूनही त्याला बाहेर काढतात. वाटेत एक प्युरिटन (कडक धर्मनिष्ठ प्रोटेस्टंट) कुटुंब त्याला आसरा देतं. मग काळ्या जादूगाराच्या टोळीतले लोक त्या घरातली मुलं मारतात, मुलगी पळवतात. मरता मरता बाप केनला म्हणतो, माझ्या पोरीला सोडव, तुझा आत्मा तरेल. केन पुन्हा तलवार उचलतो. शेवटी मुलगी सुटते, आत्मा सुटतो.

काका शेवटपर्यंत गप्प बसले होते. नावं यायला लागली तसं सुपारी कातरत म्हणाले, "झ्याक हाय. पर मला एक सांग, ह्येचं पाप फिटलं का?"

मी म्हटलं, फिटलं की, सैतान गेला ना परत.

"सैतान गेला रं. पर पयल्यांदा किल्ल्यात जी माणसं मारली ह्येनं, त्यांच्या घरी कोण गेलं?"

मला उत्तर आलं नाही. तुम्हाला येतंय का बघा. आणि दुसरं म्हणजे, ह्या पिक्चरच्या विषयाला इंग्रजीत 'रिडेम्प्शन' म्हणतात, त्याला मराठीत नेमकं काय म्हणायचं? काकांना मी 'उद्धार' म्हणालो तर ते हसले. आमच्या गल्लीत उद्धार फक्त आईबापाचा करतात.

पांढरा_रस्सा
रविवार, रात्री ११:५२

सुरुवातीलाच उद्धार निघाला म्हणजे धागा शंभरी गाठणार.

धुक्यातला_वाटसरू
सोमवार, सकाळी ७:१५

वा, ह्या पिक्चरवर कुणीतरी बोललं! मी समजत होतो की मराठीत हा बघितलेला मी एकटाच.

मला त्यातला चिखल फार आवडतो. खरंच सांगतो. तलवारीच्या पिक्चरमध्ये सगळे कसे धुतलेल्या कपड्यांत फिरतात. इथं दोन तास पाऊस, बर्फ, राख आणि चिखल. घोड्याचे पाय रुततात, झगे ओले होऊन जड होतात. शूटिंग बरंचसं चेक प्रजासत्ताकात झालंय, पण वाटतं सोळाव्या शतकातलं इंग्लंड असंच कुबट असणार. जेम्स प्युअरफॉयनं केन जबरदस्त केलाय, कारण तो वीर वाटत नाही, थकलेला वाटतो. मॅक्स फॉन सिडो आणि पीट पोसलथ्वेट हे दोघे बाप झालेत, एक केनचा आणि एक त्या मुलीचा. दोघांनाही वेळ थोडाच आहे पण पिक्चर त्या दोघांनी तोलून धरलाय.

वाईट काय? शेवट. इतका वेळ अंधार आणि माणसांचे चेहरे दाखवून भीती घातली आणि शेवटी आरशातून संगणकावर केलेला आगीचा राक्षस काढला. तिथं माझी भीती गेली.

आणि हा चालला नाही हेही सांगायला पाहिजे. इंग्लंडात २०१० ला आला, अमेरिकेत तर थेट २०१२ ला. तीन भाग करायचा विचार होता, पहिल्यावरच गाडी थांबली.

काकांच्या प्रश्नावर संध्याकाळी लिहितो, आत्ता ऑफिस.

करवीरकन्या
सोमवार, सकाळी १०:०५

चर्चमधला सीन विसरलात काय सगळे? तो पुजारी दिसायला किती गरीब, आणि तळघरात माणसं खाणारी भुतं पाळलेली. त्यातले काही त्याच्याच गावचे लोक. तो केनला त्यांच्यात ढकलतो तिथं मी इतकी जोरात ओरडलो की सासूबाई देवघरातून पळत आल्या. रात्री स्वयंपाकघरात पाणी प्यायला एकटी गेलो नाही.

पुणेरी_पगडी
सोमवार, सकाळी १०:३१

विषयांतराबद्दल क्षमस्व. करवीरकन्या, आपण ताई आहात की दादा? 'ओरडलो', 'गेलो नाही', पण सासूबाई आणि 'एकटी'. मजकुरात विसंगती दिसते.

करवीरकन्या
सोमवार, सकाळी १०:४०

अहो पगडी, कोल्हापूरच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. आमची आजी पण तसंच बोलायची. तुमच्याकडं 'गेले' म्हणतात, आमच्याकडं गेले म्हणजे वारले.

पांढरा_रस्सा
सोमवार, सकाळी १०:४४

नाद खुळा वहिनी. पगडी उडाली.

जुनी_वही
सोमवार, दुपारी १:२०

थोडं मुळाबद्दल. केन हे पात्र रॉबर्ट ई. हॉवर्डचं. तोच तो 'कोनान' ह्या तलवारबहाद्दराच्या कथा लिहिणारा, टेक्सासमधल्या क्रॉस प्लेन्स नावाच्या लहानशा गावात बसून लिहायचा. केनची पहिली छापून आलेली कथा १९२८ मधली, 'विअर्ड टेल्स' नावाच्या स्वस्त कागदाच्या मासिकात. म्हणजे केन हा कोनानपेक्षा चार वर्षांनी मोठा भाऊ. हॉवर्ड १९३६ मध्ये तिसाव्या वर्षी गेला. तलवार आणि जादूटोण्याच्या ह्या कथाप्रकाराला 'सोर्ड अँड सॉर्सरी' हे नाव फ्रिट्झ लायबरनं दिलं, तेही १९६१ मध्ये. म्हणजे ज्यानं पीक काढलं त्याला वाणाचं नाव माहीत नव्हतं.

आता महत्त्वाचं. हॉवर्डच्या कथांत केनला पश्चात्ताप वगैरे नाहीच. त्याचं पूर्वायुष्य हॉवर्ड फारसं सांगतही नाही. पहिल्या कथेत त्याला रस्त्यात एक मरणारी मुलगी सापडते. अनोळखी. तो ठरवतो की हिला मारणाऱ्याला सोडायचं नाही, आणि त्या एका माणसामागं देशोदेशी फिरत आफ्रिकेच्या जंगलापर्यंत जातो. का? तर त्याला वाटतं आपण देवाच्या हातातलं हत्यार आहोत. हत्याराला कसला पश्चात्ताप? सैतानाशी सौदा, मठ, शपथ, भाऊ, बाप हे सगळं पिक्चरवाल्यांनी घातलेलं. मला विचाराल तर तिथंच बिघडलं. मूळचा केन भीतीदायक आहे तो त्याला स्वतःबद्दल काडीची शंका नाही म्हणून. पिक्चरमधला केन बिचारा आहे.

अर्धा_चहा
सोमवार, दुपारी २:०२

जुनी_वही, असहमत. शंका नसलेल्या माणसाचे पिक्चर ढीगभर आहेत, दर शुक्रवारी एक येतो. मला बिचारा केनच पाहिजे.

शिवाजीपेठकर
सोमवार, रात्री ९:१०

अर्धा_चहा, +१.

तलवारबाजीवर काका काय म्हणाले ते लिहायचं राहिलं. पहिल्या मारामारीलाच त्यांनी मला रिमोट थांबवायला लावला. "मनगाट बघ ह्येचं. हां. आता पाय बघ. ह्यो माणूस शिकल्याला हाय, पर त्येच्या मागची दोघं तलवार मिरवाय धरल्यात."

मग उठून कोपऱ्यातली छत्री घेतली आणि मला फरक दाखवला. केनची तलवार मुठीत धरायची, सगळा खेळ मनगटाचा. आपल्या पट्ट्यात हात कोपराजवळपर्यंत लोखंडी खोबळ्यात जातो, आतली आडवी मूठ धरायची. मनगट वळतच नाही. म्हणून पट्टा हातानं फिरवायचा नसतो, खांद्यानं आणि कमरेनं फिरवायचा, आणि त्याच्यासाठी पाय सारखे चालते पाहिजेत. पातं लवलवतं, चारी बाजूंनी फिरलं की माणसाभोवती कुंपण होतं. काका म्हणाले, "पट्टा येकट्या माणसाचं हत्यार. चौफेर घेरल्यावर काढायचं. ह्येला त्या टोळीत पट्टा दिला आस्ता तर पिक्चर अर्ध्या तासात संपला आस्ता."

छत्रीची एक काडी मोडली. काकू फोनवर म्हणाल्या, वय बघा जरा.

अजून एक. केन शस्त्र टाकून मठात बसतो ना, त्यावर काका म्हणाले की तालमीत पोरगं आलं की आधी सहा महिने त्याला हत्यार देत नव्हतो, माती उकरायला लावायचो. चांगल्या पोराला राग येतो, वाईट पोरगं निघून जातं. "ह्येला कुणी माती उकराय लावली न्हाई. थेट हत्यार दिलं."

कृष्णाकाठ
सोमवार, रात्री १०:२५

मी मिरजेचा, घरी तीन पिढ्या ख्रिस्ती. शब्दाचा प्रश्न आहे म्हणून लिहितो.

आमच्या प्रार्थनेत जो शब्द येतो तो 'तारण'. येशू तारणारा, आपण तारलेले. पण बँकेत गेलो तर तारण म्हणजे गहाण. घर तारण ठेवलं, सोनं तारण ठेवलं. मला हा पिक्चर बघताना सारखं हे डोक्यात येत होतं. केनचा आत्मा सैतानाकडं तारण आहे, आणि तो तारण शोधत फिरतोय! इंग्रजी शब्दातही हाच अर्थ दडलाय, गहाण पडलेली वस्तू पैसे भरून सोडवून आणणं. मराठी बायबलात तर 'खंडणी भरून मिळवलेली मुक्ती' असेच शब्द आहेत.

पण ह्यात पिक्चरची गंमत किंवा गोची आहे. ते कुटुंब प्युरिटन दाखवलंय, केनही पुढं त्यांचाच काळा पेहराव घालतो. प्युरिटन मुख्यतः कॅल्व्हिन ह्या धर्मसुधारकाच्या शिकवणीतले. त्यांच्या मते कोण तरणार हे देवानं आधीच ठरवलंय. माणसाच्या करणीनं ते विकत घेता येत नाही, कृपेनंच मिळतं. मग मरणारा प्युरिटन बाप 'माझ्या पोरीला सोडव, तुझा आत्मा तरेल' असा व्यवहार कसा सांगेल? त्याच्या मंडळीत त्याला उभं केलं असतं हे बोलल्याबद्दल. मी त्याला दोष देत नाही. समोर पोरं मेलीत, एक पळवलीय. अशा वेळी बाप धर्मशास्त्र बघत नाही, समोरच्याला काय सांगितलं तर तो पळत जाईल एवढंच बघतो.

पांढरा_रस्सा
सोमवार, रात्री १०:३३

खंडणी भरून मुक्ती? आमच्याकडं खंडणी म्हटलं की आधी पोलीस स्टेशन.

(बाकी पोस्ट लई भारी, चेष्टा नाही. तारणाचं कधी डोक्यातच आलं नव्हतं, मी तर सोसायटीत तारण कर्जच बघतो रोज.)

निवृत्त_मास्तर
मंगळवार, सकाळी ६:५०

कृष्णाकाठ ह्यांचे लेखन उत्तम. मात्र त्यांच्याच मुद्द्याचा पुढचा भाग मांडतो. तो बाप जे सांगतो त्याला आपल्याकडे शब्द आहे, आणि तो उद्धारही नव्हे, प्रायश्चित्तही नव्हे. तो नवस. माझे हे काम कर, तुझे ते होईल. केनने नवस फेडला. पाप फिटले की नाही हा हिशोब वेगळ्या वहीत.

वाल्याची गोष्ट घ्या. एक खून झाला की रांजणात एक खडा, असे सात रांजण भरले. नारदाने त्याला कुणाची मुलगी सोडवायला पाठवले नाही. बायकोमुलांना विचारून ये म्हणाला, माझ्या पापात वाटेकरी होता का? ते नाही म्हणाले. वाल्या बसला तो अंगावर वारूळ चढेपर्यंत उठला नाही. वारुळात बसून तलवार चालवता येत नाही.

दुसरा अंगुलीमाल. बोटांची माळ घालणारा. भिक्षू झाल्यावर भिक्षेला गेला तर लोक दगड मारत. डोके फुटलेले, भिक्षापात्र फुटलेले, असा परत आला. बुद्धाने त्याला काय सांगितले? सोस. जे मारत होते त्यांत मेलेल्यांचे नातलगही असतील. शिवाजीपेठकरांच्या काकांच्या प्रश्नाला मला सापडलेले जवळचे उत्तर हेच. तो त्यांच्या दारात गेला.

अर्धा_चहा
मंगळवार, सकाळी ९:३०

मास्तर, आदर ठेवून भांडतो. केनसुद्धा सोसायला बसलाच होता की. वाटेत चोर त्याला मारतात तेव्हा तो हात उचलत नाही. आणि त्या घरावर टोळी आली तेव्हा? लहान पोरगा त्यांच्या हातात, केन गुडघ्यावर, विनवण्या करतोय. त्यांनी पोरगा मारला. तिथं त्याची शपथ कुणाच्या कामाची होती? त्याच्या एकट्याच्या. स्वतःचा आत्मा जपायचा म्हणून हत्यार नाही धरायचं, आणि समोर पोरगं मेलं तरी हात जोडायचे, ह्याला मी पुण्य म्हणणार नाही. मला तर तो सीन पिक्चरचा कणा वाटतो. तो उठतो तेव्हा त्याला पक्कं माहीत असतं की आता आपण नरकात जाणार, आणि तरी उठतो. वाल्या स्वतःसाठी बसला. हा दुसऱ्यासाठी उठला.

निवृत्त_मास्तर
मंगळवार, सकाळी ११:१५

हा मुद्दा मान्य. रात्री विचार करून लिहितो.

पांढरा_रस्सा
मंगळवार, सकाळी ११:१७

मास्तरांनी मान्य केलं! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

रीळवाला
मंगळवार, सायंकाळी ७:४०

कोल्हापुरात बसून पापी माणसाच्या सुटकेच्या पिक्चरवर पंधरा प्रतिसाद झाले आणि शांतारामबापूंचं नाव कुणीच घेतलं नाही? कमाल आहे.

'दो आँखें बारह हाथ', १९५७. बापू कोल्हापूरचे. सिनेमातले पहिले धडे इथंच, बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. कथा-पटकथा गदिमांची. सहा खुनी आणि एक जेलर, उजाड माळरानावर शेती. हे कल्पनेतलं नाही. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली कैद्यांची वसाहत होती, त्यावरून सुचलेलं. गदिमांचं माडगूळ तिथून हाकेवर, त्यांना ते ऐकीव नव्हतं. १९५८ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात 'रौप्य अस्वल' पुरस्कार मिळाला.

आता केनशेजारी ठेवून बघा. त्या सहा जणांनी जेलरला शब्द दिलाय की हात उगारणार नाही. ते बाजारात भाजी स्वस्त विकायला जातात, तिथल्या व्यापाऱ्याचे गुंड त्यांना बेदम मारतात. सहा खुनी! मनात आणलं तर एकेकाला लोळवतील. मार खाऊन रक्तबंबाळ परत येतात. अर्धा_चहा, तुमचा केन उठतो, हे सहा उठत नाहीत. दोन्ही वेळा माझ्या डोळ्यात पाणी आलं, तेव्हा मला विचारू नका बरोबर कोण.

बैलाशी झुंजीचा सीन बापूंनी स्वतः केला, त्यात डोळ्याला जबर इजा झाली. पिक्चरच्या नावात डोळे, हे बघा.

पुणेरी_पगडी
मंगळवार, रात्री ८:०२

शांतारामबापू कोल्हापूरचे खरे, पण त्यांची 'प्रभात' फिल्म कंपनी बहरली ती पुण्यात.

रीळवाला
मंगळवार, रात्री ८:०९

१ जून १९२९ ला प्रभातचा जन्म कोल्हापुरात, 'अयोध्येचा राजा' कोल्हापुरात, १९३३ ला पुण्यात गेली. लेक सासरी गेली म्हणून माहेर बदलत नाही, पगडी.

करवीरकन्या
मंगळवार, रात्री ८:३०

तुम्हा लोकांना आत्म्याचं पडलंय, त्या पळवलेल्या मुलीला कुणी विचारलं का? मेरेडिथ. तिच्या डोळ्यांदेखत बाप, भाऊ मेले. पिंजऱ्यात घालून गावोगाव फिरवली. शेवटी तिचंच रक्त घेऊन तो जादूगार आरसा उघडतो. आणि सगळं झाल्यावर पिक्चर म्हणतो, केनचा आत्मा सुटला. मुलगी म्हणजे ह्याच्या हिशोबातली पावती काय? मला पिक्चर आवडला हां. पण काकांच्या प्रश्नात मी ही एक भर घालतो.

नदीकाठचा
मंगळवार, रात्री ११:५५

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितो. मास्तरांनी 'त्यांच्या दारात गेला' लिहिलं तिथून डोक्यातून जाईना.

आमचं गाव पंचगंगेच्या काठाला. गावात एक माणूस आहे. तरुणपणी बांधावरनं भांडण झालं, ह्याच्या हातनं समोरचा मेला. शिक्षा भोगून परत आला तेव्हा केस पांढरे. कुणाशी बोलायचा नाही. पंक्चरचं दुकान घातलं. लोक पंक्चर काढून घ्यायचे, चहाला कुणी बोलवायचं नाही. मेलेल्याची आई गावातच, एकटी, ओढ्याच्या बाजूला घर.

२०१९ चा पूर आठवतोय ना. धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर गेलं. बोटी यायच्या आधी दोन दिवस गावानं गुऱ्हाळाच्या काहिली, म्हणजे गूळ करायच्या मोठ्या कढया, पाण्यात सोडल्या होत्या. काहील चालवणं सोपं नाही, गोल असते, वल्हं मारलं की जागेवर फिरते. ह्या माणसाला ते जमायचं. दोन दिवसांत त्यानं किती लोक काढले मोजले नाहीत. मीही त्यातच बसून आलो, माझ्या मांडीवर आमचा टीव्ही होता. आता लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ओढ्याकडं गेला. मी काहिलीत होतो, कुणीतरी भार धरायला लागतो म्हणून. म्हातारी माळ्यावर बसलेली, खाली छातीएवढं पाणी. तिनं त्याला बघितलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग शेजारची शेरडी दाव्यासकट उचलून त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, "हिला घिऊन जा. मी न्हाई येत तुज्यासंगं. दुसरं कोन आसंल तर धाड."

त्यानं शेरडी घेतली. काहीच बोलला नाही. आम्ही परत आलो, त्यानं दुसऱ्या पोराला काहील दिली आणि कुठनं कसं जायचं, कुठं विजेचा खांब आहे ते नीट समजावून सांगितलं. पोरगा म्हातारीला घेऊन आला. हा तोपर्यंत शाळेच्या व्हरांड्यात शेरडी धरून बसलेला. म्हातारी आल्यावर दावं तिच्या शेजारच्या खांबाला बांधलं आणि निघून गेला.

पुढं काही नाही. म्हातारी दोन वर्षांनी वारली. त्याचं दुकान आहे अजून.

धुक्यातला_वाटसरू
बुधवार, सकाळी ६:४०

रात्री वाचलं. लगेच लिहिता आलं नाही.

कृष्णाकाठ
बुधवार, सकाळी ८:१०

ती 'दुसरं कोण असेल तर धाड' म्हणाली. 'जा' एवढंच म्हणाली नाही. मी सकाळपासून ह्यावर अडकलोय.

जुनी_वही
बुधवार, सकाळी ९:००

आणि तिनं आधी शेरडी दिली.

निवृत्त_मास्तर
बुधवार, दुपारी ४:३०

अर्धा_चहा ह्यांना उत्तर लिहायला घेतले होते. नदीकाठचा ह्यांचे वाचून खोडले. नवस आणि प्रायश्चित्त ह्यांतला भेद मी फार नेटका केला होता. तो माणूस काहिलीत बसून कोणता हिशोब फेडत होता हे मला सांगता येणार नाही, आणि त्याला विचारायची माझी हिंमत नाही.

शब्दाच्या प्रश्नापुरते, 'फिटणे' हाच शब्द बरा वाटतो. काकांनी पहिल्याच दिवशी वापरला होता. कर्ज फिटते, पारणे फिटते, डोळ्यांचेसुद्धा पारणे फिटते. आणि फिटत नाही असेही सहज म्हणता येते.

पांढरा_रस्सा
बुधवार, दुपारी ४:४१

मी आज काही जोक मारत नाही.

अर्धा_चहा
बुधवार, रात्री ९:२०

मास्तर, तुम्ही खोडलंत ते वाचायला आवडलं असतं. माझं मत अजून तेच आहे, पोरगं मरताना हात जोडून बसायचं नाही. फक्त त्यानं आत्मा सुटतो असं आता छातीठोक म्हणणार नाही.

शिवाजीपेठकर, काका काय म्हणाले पुढं? सगळा धागा त्यांच्यामुळं आणि ते गायब.

शिवाजीपेठकर
गुरुवार, रात्री १०:०५

काका गायब नाहीत, त्यांच्याकडं साधा फोन आहे. आज संध्याकाळी घरी जाऊन सगळा धागा वाचून दाखवला. करवीरकन्यांच्या पोस्टला म्हणाले, "बाई बराबर बोलती." दो आँखें त्यांनी टॉकीजला तीनदा बघितलाय म्हणे, बैलाच्या सीनला पब्लिक खुर्चीवर उभं राहायचं. शेरडीचं वाचलं तेव्हा सुपारी कातरायची थांबली. काही बोलले नाहीत. काकूंनी चहा आणला, तो गार झाला.

मग निघताना एकदम म्हणाले, "त्या केनला खांबावर खिळे मारून टांगत्यात बघ, आन ह्यो सोता हात वडून काढतो. कुठला हात पयला काढला?"

मी म्हटलं, कशाला?

"उजवा फाटला आसंल तर पुढं तलवार कशी धरली? डावा काढला आसंल तर मला पटंल. बघून सांग."

आता परत लावणार होतो, तर इकडं लाईट गेलीय. फोनची बॅटरी १२ टक्के. कुणाकडं असेल तर बघून सांगा, मी सकाळी काकांना कळवतो.

करवीरकन्या
गुरुवार, रात्री १०:११

राजारामपुरीत पण गेलीय.

पांढरा_रस्सा
गुरुवार, रात्री १०:१४

माझ्याकडं आहे लाईट. लावतो. दहा मिनिटं द्या.